निळ्या ओढणीवरचा डाग

सुपा, २३ जानेवारी २०२५

ति. आत्या,

प्रभूच्या नावात सलाम, आणि माझा वेगळा.

फोन करून उपयोग नाही. मी इकडे ओरडते, तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि तू "जेवले, जेवले" एवढंच म्हणत राहतेस. म्हणून पत्र.

परवा मंगळवारी आमच्या कंपनीत अपघात झाला. पेपरात वाचून घाबरशील म्हणून आधीच कळवते. प्रेस मशीनवर रामहरी नावाचा कंत्राटी कामगार होता. पाथर्डी तालुक्यातला. आईवडील ऊसतोडीला जातात, त्या घरातून कंपनीत लागलेला हा पहिलाच. पत्र्याचा तुकडा अडकला म्हणून त्याने हात आत घातला आणि वरून मशीन आलं. उजव्या हाताची चार बोटं गेली. नगरच्या दवाखान्यात आहे, जिवाला धोका नाही.

मी तिथे नव्हते. मालाची तपासणी माझ्याकडे, त्यामुळे त्या मशीनपाशी मी दिवसातून दहा वेळा जाते. पण नेमकी त्या वेळी गेटबाहेर चहाला गेले होते. परत आले तोवर त्याला गाडीत घालून नेलं होतं. त्या मशीनला सेन्सर असतो, हात आत गेला की मशीन जागीच थांबतं. तो चालू असला की काम जरा सावकाश होतं. कंपनी म्हणते, रामहरीनेच तो बंद करून ठेवला होता. आता चौकशी होणार आहे. मलाही विचारलं. मी चहाला होते म्हणून सांगितलं.

अन्न गोड लागत नाही. तू नाताळात दिलेली निळी ओढणी दोनदा धुतली, डाग निघाला नाही, टाकून द्यावी लागली. रागावू नकोस. मार्चमध्ये मला कायम करतील असं आमचे साहेब म्हणालेत. प्रार्थनेत आठवण ठेव.

तुझी मोनिका

*

बेलापूर, २७ जानेवारी २०२५

चि. मोनिका,

अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा जेवत नाहीस म्हणून.

तुझं पत्र शनिवारी आलं. वाचलं आणि दारातच गुडघे टेकले. पोस्टमनला वाटलं म्हातारीला चक्कर आली, तो पाणी आणायला धावला. बाई गं, तू त्या मशीनपाशी असतीस तर? तुला आई नाही, माझ्या भावाने तुला चार वर्षांची माझ्या पदरात टाकली आणि तोही गेला. तुझं काही बरंवाईट झालं असतं तर मी देवाला कोणत्या तोंडाने उत्तर दिलं असतं?

मी काय केलं ते ऐक. आपल्या चर्चच्या मंडळीची रीत तुला माहीत आहे. कुणाच्या घरी काही चांगलं घडलं की आभाराची चिठ्ठी लिहून द्यायची आणि सेक्रेटरीने ती उपासनेत वाचायची. गायीला कालवड झाली तरी चिठ्ठी येते. मग मी का मागे राहू? लिहिलं, "माझी भाची मोनिका हिला देवाने ऐनवेळी चहाला पाठवून मोठ्या अपघातातून वाचवले, त्याबद्दल आभार." बन्सीभाऊंनी खणखणीत आवाजात वाचलं. मला ऐकू आलं म्हणजे बघ किती खणखणीत. सगळी मंडळी उभी राहिली, स्तुतीचं गीत झालं. केशरबाई तर पदराने डोळे पुसत होती. बाहेर आल्यावर अमृत पाळक म्हणाले, आत्याबाई, देव माणसाला चहाच्या कपानेही वाचवतो. मला फार पटलं ते.

आता नीट जेव. ओढणीचं मनाला लावून घेऊ नकोस, दुसरी घेऊ.

तुझी आत्या
सत्यशीला

*

सुपा, ३१ जानेवारी २०२५

आत्या,

हे तू का केलंस? मी प्रार्थनेत आठवण ठेव म्हटलं होतं, गावभर चिठ्ठी वाचायला सांगितलं नव्हतं.

सगळी मंडळी उभी राहिली. कशासाठी? चार बोटं माझी गेली नाहीत, दुसऱ्याची गेली म्हणून? मला देवाने चहाला पाठवलं, मग रामहरीला का नाही पाठवलं? तो देवाचा कुणी नव्हता का? त्या वेळी देव नेमका कुठे होता, हे विचार तुझ्या पाळकांना. चहाच्या कपाचं उत्तर मला नको.

मी नीट आहे. या रविवारी येत नाही. उपासनेला तर मुळीच येणार नाही. मला बघून पुन्हा कुणी गाणं म्हटलं तर मी उठून निघून जाईन.

मोनिका

*

बेलापूर, ६ फेब्रुवारी २०२५

चि. मोनिका,

तुझं पत्र वाचून आधी राग आला. मग लाज वाटली. चिठ्ठीत मी त्या माणसाचं नावही घातलं नव्हतं. चाळीस वर्षं नर्स म्हणून काम केलं आणि ज्याचा हात तुटला तो सोडून मी धडधाकट मुलीसाठी गाणी म्हणून घेतली.

म्हणून मंगळवारी कान दाखवायला नगरला गेले, ते रामहरीलाही भेटून आले. दवाखान्याचं नाव तू लिहिलं नव्हतंस. पण हाताची अशी जखम नगरमध्ये कुठे कुठे नेतात हे मला कुणी सांगायला नको. दोनच ठिकाणी विचारलं, सापडला. चोवीस-पंचवीसचा पोरगा आहे, हसतो छान. त्याची बायको पंकजा उशाशी बसली होती. मी मोसंबी ठेवली, म्हटलं, मोनिकाची आत्या. दोघं एकदम बोलायला लागले आणि मला एक अक्षर कळेना. मी कानाकडे बोट दाखवलं. तेव्हा पंकजाने औषधाच्या कागदामागे लिहून दिलं. दहावी झालेली आहे ती, अक्षर चांगलं आहे. तो कागद माझ्यासमोर आहे, जसाच्या तसा उतरवते.

"मोनिकाताई मशीनीपाशीच हुत्या. त्यांनीच वडनीने मनगट बांधलं आन हात वर धरून बसल्या. डॉक्टर म्हनले त्यामुळं रगत कमी गेलं. त्यांना सांगा आमी उपकार इसरनार न्हाई."

मोनिका, मी ओढणीचा विचार तेव्हाच करायला हवा होता. चहाला गेलेल्या मुलीची ओढणी रक्ताने कशी भिजेल?

मी रामहरीला विचारलं, हे चौकशीत सांगितलंस का? त्याने हो म्हणून मान हलवली आणि पंकजाने पुन्हा लिहिलं, सांगितलं पण कुणी धरत नाही, आणि ताईंची नोकरी जाईल म्हणून आम्ही जोर करत नाही. तो खाटेवर पडून तुझी काळजी करतो आहे.

आता मी तुला एक सांगते, जे तुझ्या वडिलांनाही सांगितलं नव्हतं. मी नवीन नर्स होते. थंडीचे दिवस होते. एका तान्ह्या मुलीच्या दुपट्यात मी गरम पाण्याची पिशवी ठेवली. झाकण मीच लावलं होतं, ते नीट बसलं नव्हतं. तिचा पाय भाजला. वॉर्डातल्या लंकाबाई आयाने ठेवली असेल, असं मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि मी गप्प बसले. फक्त गप्प बसले, खोटं एक अक्षर बोलले नाही. लंकाबाईला काढून टाकलं. मुलगी बरी झाली, मी पुढे वॉर्डाची प्रमुख झाले. कितीतरी वर्षं मी प्रार्थनेत म्हणायचे, देवा, त्या दिवशी तू मला सांभाळलंस. मला आता वाटतं, त्या दिवशी मला देवाने नाही, लंकाबाईने सांभाळलं. मी तिला शोधायला निघाले तोवर ती वारली होती.

देव कुठे होता असं तू विचारलंस. पाळकांना विचारलं नाही, माझं मीच उत्तर देते. चहाच्या टपरीवर तो नव्हता. मशीनपाशी होता, रामहरीच्या शेजारी. आणि तिथे त्याने तुलाही उभं केलं होतं. येशूच्या वधस्तंभापाशी ज्या बाया उभ्या होत्या त्यांच्या हातून तरी काय झालं? त्या पळाल्या नाहीत, एवढंच. आपल्याला संकट चुकलं की देव आला, असं मी सत्तर वर्षं समजत आले. उलट्या बाजूने बघत होते गं.

तू काय लपवते आहेस ते सगळं मला माहीत नाही. लिहावंसं वाटलं तर लिही. येत्या रविवारी मी माझी चिठ्ठी मागे घेणार आहे. तुझं नाव न घेता.

तुझी आत्या

*

सुपा, ११ फेब्रुवारी २०२५

ति. आत्या,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. लंकाबाईचं वाचून आधी वाटलं, आत्याही अशी? मग पहिल्यांदा वाटलं की तुला सगळं सांगता येईल.

सेन्सर रामहरीने बंद केला नव्हता. माल लवकर द्यायचा होता म्हणून आमच्या शिफ्टच्या साहेबांनी सकाळी वायरमनला बोलावून तो बंद करून घेतला. माझ्यासमोर. मशीन सुरू करायच्या आधी एक कागद भरायचा असतो, त्यात सेन्सर चालू आहे का असा रकाना आहे. साहेब म्हणाले, दुपारी लावून घेऊ, तू सही कर. मी "ठीक" लिहून सही केली. सहा महिने रोज करते तशीच.

अजून पुढे आहे. रामहरीने मला विचारलं होतं. म्हणाला, "ताई, सेन्सर बंद दिसतोय, चालवू का?" आणि मी म्हटलं, चालव. तासाभराने तो प्रकार झाला. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते.

त्याचा हात धरून बसले तेव्हा काही सुचत नव्हतं, तू शिकवलेलं तेवढं हाताने आपोआप केलं. गाडी गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, पाणी दिलं आणि म्हणाले, तू चहाला गेली होतीस ना? मी हो म्हटलं. इतकं सोपं होतं ते आत्या. कुणी धमकी दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. मग तेच तुलाही लिहिलं. तुला लिहून टाकलं की मलाही खरं वाटेल, असं वाटलं होतं. आणि तू त्यावर सगळ्या मंडळीकडून देवाची स्तुती करवून घेतलीस. त्या रात्रीपासून मला प्रार्थना करता आलेली नाही.

वीस तारखेला सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर जबाब घ्यायला येणार आहेत. मी खरं बोलले तर माझी नोकरी जाईल आणि सहीमुळे मीही अडकेन. नाही बोलले तर रामहरी स्वतःच्या चुकीने जायबंदी झाला असं कायमचं लिहिलं जाईल. मग त्याला भरपाई नाही, दुसरीकडे कामही नाही. त्याने सगळं ओळखलं असेल, तरी मी "चालव" म्हटल्याचं त्याने पंकजाला सांगितलेलं दिसत नाही. ते मला सगळ्यात जास्त टोचतं.

तूच सांग, काय करू?

मोनिका

*

बेलापूर, १४ फेब्रुवारी २०२५

चि. मोनिका,

काय करू ते मी सांगणार नाही. तुला माहीत आहे, म्हणून तर विचारतेस. मी सांगितलं आणि तू केलंस तर पुढे कधीतरी दातओठ खात म्हणशील, आत्याने करायला लावलं. हा निर्णय तुझा तूच घे. परिणाम तेवढे आपण दोघी वाटून घेऊ. माझी पेन्शन दोघींच्या भाजीभाकरीला पुरते. तुझी खोली तशीच आहे, फक्त तिच्यात मी कांदे पसरलेत, ते उचलीन.

रविवारचं सांगते. उपासना संपायच्या आधी हात वर केला. अमृत पाळकांना वाटलं मला प्रार्थना करायची आहे. मी उभी राहून म्हटलं, पंधरा दिवसांपूर्वीची माझी चिठ्ठी चुकीची होती, ती मी मागे घेते. एका घरात माणूस जखमी पडला असताना मी दुसऱ्या घरचे आभार मानले आणि तुम्हा सगळ्यांना गायला लावलं. त्या माणसाचं नाव रामहरी आहे. ते मी तेव्हा लिहिलं नाही, आता सांगते. बन्सीभाऊ काहीतरी बोलत होते, चिठ्ठी मागे घ्यायची आपल्यात पद्धत नाही असं असावं. मागच्या बाकांवरही कुजबुज चालली असणार. बहिरेपणाचा असा फायदा आधी कुणी सांगितला नव्हता, मला काहीच ऐकू आलं नाही, मी माझं बोलून खाली बसले.

पण पाळक भला माणूस आहे.  पुलपिटाच्या पायऱ्या उतरून माझ्या बाकापाशी आले, मला ऐकू यावं म्हणून अगदी जवळून मोठ्याने म्हणाले, "आत्याबाई, चहाचं मी बोललो होतो, ते मीही मागे घेतो." आणि रामहरीचं नाव घेऊन त्यांनी प्रार्थना केली. केशरबाई या वेळीही रडली. तिचं काही खरं नाही.

सहीचं मनात धरून बसू नकोस असं म्हणणार नाही. धरच. पण हेही धर की ज्या हाताने खोटी सही केली त्याच हाताने तू त्याचं रक्त थांबवलंस. देवाला दोन्ही दिसतं. तू एकच बघत बसली आहेस.

वीस तारखेला दिवसभर मी उपास करणार आहे. तू मात्र जेवून जा. रिकाम्या पोटी खरं बोलताना आवाज कापतो.

तुझी आत्या

*

सुपा, २२ फेब्रुवारी २०२५

ति. आत्या,

जेवून गेले होते. तरी आवाज कापला.

सगळं सांगितलं. सेन्सर कुणी बंद करायला लावला, सही कुणाची, चालव कुणी म्हटलं आणि मी कुठे उभी होते. इन्स्पेक्टर बाईंनी लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि खाली माझी सही घेतली. सही करायच्या आधी मी प्रत्येक ओळ वाचली. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, पण मी वाचलं. मग वायरमनला पुन्हा बोलावलं. तोही आधी गप्प होता, पण मी सांगितल्याचं कळल्यावर त्यानेही सांगून टाकलं. रामहरीवरचा आळ गेला. भरपाईचं प्रकरण आता पुढे चालेल.

संध्याकाळी मला पत्र मिळालं, तुमची सेवा आम्हाला आवश्यक नाही. सहीबद्दल माझ्यावर काय कारवाई होते ते नंतर कळेल. केबिनमध्ये साहेब एवढंच म्हणाले, "तुला काय मिळालं यातून?" मला वाईट वाटलं त्यांचं. खरंच वाटलं. त्यांनाही आता रोज घरी जाऊन काहीतरी सांगावं लागत असेल.

गेटबाहेर आले आणि त्या टपरीवर बसून चहा घेतला. मला वाटलं होतं रडायला येईल. आलं नाही. एक महिना मी देवाला विचारत होते, तू मला तिथे का उभं केलंस. जबाब देताना लक्षात आलं, मी तिथे उभी नसते तर आज रामहरीच्या बाजूने बोलायला कुणीच नव्हतं. देवानेच तो अपघात घडवला असं मी कधीच म्हणणार नाही. पण मी तिथे होते हे आता मला शाप वाटत नाही. काल प्रार्थना केली.

कांदे राहू देत. सुप्यात कंपन्या पुष्कळ आहेत, दोन ठिकाणी अर्ज दिलेत. आधीची नोकरी का गेली असं विचारलं तर खरं सांगणार आहे.

तुझी मोनिका

*

सुपा, १८ मार्च २०२५

ति. आत्या,

परवा रविवारी रामहरीच्या गावी जाऊन आले. दवाखान्यातून घरी सोडल्याचं कळलं होतं. पाथर्डीपर्यंत एसटी, पुढे जीप. आईवडील अजून तोडीवरच आहेत, घरी तो आणि पंकजा दोघंच. दोन खोल्या, दारात शेवग्याचं झाड, अंगण असं झाडलेलं की पाय ठेवताना संकोच वाटावा.

पंकजाने मला बघितलं आणि धावत आली. माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. तुमच्यामुळं ह्यांचा जीव वाचला, तुमच्यामुळं ह्यांच्यावरचा आळ गेला, असं म्हणत राहिली. खाली बसवलं, बाजरीची भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. रामहरी समोर बसला होता. हाताला पट्टी, पण चेहरा उजळलेला. मी घास घेतला नाही. कारण मला कळलं, तिला अजूनही माहीत नव्हतं.

रामहरीने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. म्हणजे नका सांगू. जबाबाचा कागद वाचायला ती जाणार नव्हती, तो कधी सांगणार नव्हता. गप्प बसले असते तर जन्मभर त्या घरात माझं असंच कौतुक झालं असतं.

मी ताट बाजूला सरकवलं आणि तिला सांगितलं. त्या दिवशी यांनी मला विचारलं होतं, सेन्सर बंद आहे, चालवू का. मीच चालव म्हटलं. सगळं ठीक आहे अशी खोटी सहीही माझीच. मी म्हटलं, पंकजा, मला क्षमा कर.

रामहरी म्हणाला, "जाऊ द्या ताई, तुमी खरं बोलला, झालं." तो मनापासून म्हणाला. पण मी त्याला विचारलंच नव्हतं, तो केव्हाच क्षमा करून बसला होता. मी तिच्याकडे बघत होते.

ती मग उठली, त्याच्याजवळ गेली, त्याच्या त्या हाताखालची उशी नीट केली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "रोज सकाळी ह्यांच्या शर्टाची बटनं मी लावते. चोवीस वर्साच्या मानसाची."  मग वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं. "ताई, क्षमा करीन. पन आज न्हाई."

आत्या, महिन्याभरापूर्वी हे ऐकून मी कोसळले असते. परवा वाटलं, या बाईने मला खोटं सांगितलं नाही. क्षमा तिची आहे, तिला हवी तेव्हा देईल. ती आजच मिळावी असा माझा हक्क कुठे आहे? मला देवाकडून ती आधीच मिळाली आहे, म्हणून तर मी तिच्या दारात थांबू शकते.

मी ते ताट पुन्हा जवळ ओढलं आणि तिच्या हातची भाकरी खाल्ली. तिने उचलून नेली नव्हती, म्हणून खाल्ली. निघताना ती जीपपर्यंत आली नाही, दारात उभी राहिली. मी विचारलं, पुढच्या रविवारी येऊ का? तिने हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

मी जाणार आहे.

तुझी मोनिका